पाळक नसलेला रविवार

फिलिपचा फोन आला तेव्हा मी अंगणात सुकट वाळत घालत होते. फिलिप आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच, रिक्षा चालवतो. फोनवर आधी चेष्टा केल्याशिवाय बोलायचा नाय. त्या दिवशी नुसता म्हणाला, "मावशी... पाळक गेले." मी हातातली सुकट पसरून घेतली. तशीच टाकली असती तर कावळ्यांनी नेली असती आणि पाळकांनाच ते आवडलं नसतं. मग हात धुतले नि निघाले. त्याला आता दीड महिना झाला. मी सांगतेय, नात पेपरात द्यायला लिहून घेतेय. मला अक्षर येत नाय.

शमुवेल पाळक मिरजोळ्याला आले त्याच वर्षी माझा घरवाला होडीवर गेला तो परत आला नाय. मी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये लागले. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात, नखं सुटून यायची. पोरं लहान. घरी येणारा जाणारा म्हणायचा, देवाची इच्छा. पाळक आले, पडवीत बसले नि म्हणाले, "मार्थाबाय, चाय ठेवता का?" दुसरं कायच बोलले नाय. पुढल्या आठवड्यात परत आले, परत चाय. असे कितीतरी महिने. देवाची इच्छा त्यांनी माझ्या घरात कधी काढली नाय, म्हणून मी त्यांच्या मंडळीत टिकले. मंडळी म्हणजे काय, चिऱ्याची एक खोली, वर पत्रा, खाली चटया.

मग काही वर्षांनी मुंबईहून एक प्रचारक आले. मोठा स्पीकर लावून तीन दिवस शेवटच्या काळावर बोलले. लढाया, भूकंप, रोग... सगळी चिन्हं दिसतायत, प्रभू दारात हाय, तयारीला लागा. तयारी म्हणजे नेमकं काय करायचं ते मात्र न सांगता गाडीत बसून गेले. आमी घाबरलो. एका बाईने पोरीचं नाव कॉलेजात घालायचं थांबवलंन. फिलिपने रिक्षाचं पासिंग केलंन नाय. म्हणे, "आता कशाला? प्रभू काय आरटीओचा कागद बघणार हाय?" प्रभू आला नाय, पोलीस आला. मी तरी कुठे शहाणी, दोन गोणी तांदूळ भरून ठेवले नि त्यात किडे पडले.

पाळक कुणाला रागे भरले नाय. पुढल्या रविवारी आले आणि पुढे उभं राहायचं सोडून मागे, पोरांच्या चटईवर जाऊन बसले. आमी वाट बघतोय. शेवटी फिलिप वळून म्हणाला, "पाळक, वेळ झाली."

"पाळक नाय," ते म्हणाले.

"नाय म्हणजे?"

"मेले. नायतर पकडून नेले. शेवटच्या काळात संकट आलं की पहिलं पाळकालाच उचलतात रे. चला, आता तुमी काय करता ते करा."

कोणी उठलं नाय. एकजण खोकला, पोरं रडली, बायकांनी पदर सारखे केले. तास गेला. मग पाळक उठले, चप्पल घातली. दारातून म्हणाले, "पाळक मेला ते चालतंय. आज मंडळी मेली." आणि निघून गेले.

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार त्यांनी तसाच ठेवला. पाळक नसलेला रविवार. ते मागे बसायचे आणि आमच्यातल्या कोणीतरी उभं राहायचं. पहिल्यांदा फिलिप उभा राहिला. घाम पुसत पुसत रिक्षाच्या ब्रेकवर बोलला, उतारावर आल्यावर ब्रेक बघून उपयोग नाय म्हणून. पाळक मागून म्हणाले, "हे त्या मुंबईवाल्यापेक्षा बरं हाय." मग एकेकजण शिकला. आजारी माणसाच्या घरी कोणी जायचं, भांडण कोणी मिटवायचं, प्रभुभोजनाची भाकर कोणी मोडायची... सगळं वाटून दिलं.

माझ्या वाट्याला आली माती. म्हणजे पुरताना म्हणायची वचनं. मी म्हटलं, "मला वाचता येत नाय, पाळक." म्हणाले, "कान हायत ना?" मी मासे साफ करायचे, ते पडवीत बसून एकेक ओळ सांगायचे, मी मागून म्हणायची. लग्नाची वचनं मी लहानपणापासून ऐकलेली, ती मधेच घुसायची. एकदा मातीची वचनं म्हणता म्हणता वधूवरांना आशीर्वाद दिला. पाळक पोट धरून हसले. "अहो बाय, मला पुरताय की माझं दुसरं लग्न लावताय?"

"तुमाला कशाला पुरते मी?"

"मग कोण पुरणार? त्यासाठीच तर तुमाला शिकवतोय."

मी खवलं त्यांच्या अंगावर उडवली. पण पाठ केलं. दोन पावसाळे लागले.

ते गेले तेव्हा सगळ्या मंडळ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या शहरातल्या मोठ्या ऑफिसातून फोन आला. म्हणे, इथून दुसरे पाळक येतील, परवापर्यंत थांबा, बॉडी बर्फात ठेवा. आणि बाईमाणसाने मातीचा विधी करू नये. फोन फिलिपच्या हातात होता, त्याने माझ्याकडे बघितलंन. मी बर्फात आयुष्य काढलंय. म्हटलं, "पाळकांना बर्फात ठेवायचं नाय. सांग त्यांना, आमची तयारी झालीय." कब्रस्तानात बाहेरगावचा एक पाव्हणा पुटपुटला, "हिला अक्षर तरी येतं काय?" मी खड्ड्याच्या कडेला उभी राहिले, शेवटपर्यंत म्हटलं, एक ओळ चुकले नाय. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. तो पाव्हणाही रांगेत आला, माझ्याकडे न बघता माती टाकलीन नि बाजूला झाला.

गेल्या आठवड्यात ऑफिसचं पत्र आलं. फिलिपने दोनदा वाचून दाखवलंन. नवा पाळक मिळेपर्यंत उपासना बंद ठेवावी, खोलीला कुलूप लावावं, चावी पाठवून द्यावी. फिलिप घाबरला नाय असं मी म्हणणार नाय. म्हणाला, "मावशी, मोठी माणसं हायत. नाव काढून टाकतील आपलं."

"काढू देत. कागदावरचं काढतील ना?"

"आणि खोली घेतली तर?"

"माझी पडवी हाय."

त्याने पत्राची घडी घातलीन. मग खिशातून पेन काढलंन. "काय लिहू?"

मी सांगितलं ते त्याने लिहिलंन, आणि तेच इथे सांगते, कारण पेपर तिकडेही जातो. साहेब, शेवटचा काळ कधी येणार ते तुमाला ठाऊक नाय, आमालाही नाय. पण आमचा पाळक गेला आणि पुढल्या रविवारी आमी जमलो. त्याच्या पुढल्याही. खोलीची चावी माझ्या कनवटीला हाय. तिला पाळकांच्या बुटाची जुनी नाडी बांधलेली हाय, ती गाठ त्यांनीच मारलेली. ती मी सोडणार नाय नि चावी पोस्टाने पाठवणार नाय. पायजे तर न्यायला या. रविवारी साडेनवाला या. दार उघडं असेल, चपला बाहेर काढा आणि मागे पोरांच्या चटईवर बसा. उपासना झाल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाय.