दादाला घाबरवलं ती दुपार

माझ्या मोठ्या भावाची वाचा गेली त्या रविवारी दुपारी आम्ही चौघं सातव्या क्रमांकावरून भांडत होतो.

सातवा क्रमांक आमच्या यादीतला. जुने रहस्यपट आणि भयपट, त्यातले आमच्या मते सर्वांत चांगले एकवीस, क्रमाने लावलेले. यादी दादाच्या अक्षरात, मी शाळेतून आणलेल्या हजेरीच्या कोऱ्या वहीत. दर रविवारी जेवणं उरकली की झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या घरी पडदे ओढायचे, एक सिनेमा पाहायचा आणि मग दिवेलागणीपर्यंत त्याला वर चढवायचा की खाली उतरवायचा यावर घसा कोरडा करायचा. एकजण जरी अडून बसला तरी क्रमांक हलायचा नाही, हा दादाचा नियम, आणि अडून बसणारा बहुतेक वेळा दादाच.

चौघं म्हणजे कोण ते सांगते. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, वहिनी गेल्यापासून एकटा पडलेला दादा. मुलींच्या शाळेत गणित शिकवून आता घरी बसलेली, बिनलग्नाची, तोंडाळ मी. बबीन्याच्या लष्करी छावणीत बदली होऊन आलेले आणि नोकरी संपली तरी साताऱ्याला परत न गेलेले सुभेदार. आणि जवळच्या चिरगावहून बसने येणारे ऑपरेटर भैया, ज्यांची हयात टॉकीजमध्ये मशीन चालवण्यात गेली. आम्ही तिघं मराठीत भांडायचो, भैया बुंदेलीत भांडायचे, आणि कोणाचंही काही अडत नसे.

सिनेमांना आम्ही त्यांच्या नावाने ओळखत नसू. पाणचक्कीवाला, लिफ्टवाला, आंधळ्या सासऱ्याचा, अशी आमची आपली नावं. त्या दिवशी सातव्यावरचा पाणचक्कीवाला तिसऱ्यावर आणा म्हणून सुभेदार हटून बसले होते.

"आवं, ती चक्की नुसती कुरकुरली तरी माज्या अंगावर काटा येतो," ते म्हणाले.

"आवाजाला कोण घाबरतं?" दादा म्हणाला. "भीती कशाची वाटते, सांगू? भीती वाटते ती..."

आणि तो थांबला.

पुढचं वाक्य आम्हाला तिघांनाही पाठ होतं. भीती वाटते ती ओळखीचा माणूस अनोळखी वागायला लागला की. भुताची नाही, दाराआडच्या सुऱ्याची नाही. हे तो शंभरदा म्हणाला असेल, आणि दर वेळी मध्येच थांबून, एकेकाच्या तोंडाकडे बघत. त्याची जुनी खोड. गोष्ट सांगतानासुद्धा ऐन मोक्याच्या जागी गप्प बसायचा आणि आमचा जीव टांगणीला लावायचा. म्हणून आम्ही थांबलो. सुभेदारांनी मला डोळा मारला. मी कपात चहा ओतला, त्याच्या हाताशी ठेवला, आणि म्हटलं, "पुरे आता तुझं नाटक."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी हसत राहिले.

आधी लक्षात आलं ते भैयांच्या. "जिज्जी," ते म्हणाले, "दाऊ कछू ठीक नइयाँ लग रए." तेव्हा मी नीट पाहिलं. तोंडाचा उजवा कोपरा ओघळला होता आणि कानशिलावर घाम होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच. कधी झालं? नेमकं किती वाजता? मी गणिताची मास्तरीण, आणि मला सांगता येईना. आम्ही किती वेळ हसत होतो ते कोणीच घड्याळात पाहिलं नव्हतं. जगातल्या कुठल्याही घरात माणूस बोलता बोलता गप्प झाला तर लोक धावतात. आमच्या घरात आम्ही पुढच्या वाक्याची मजा घेत बसलो. ही टोचणी माझ्या मनातून एक दिवसही गेलेली नाही.

पाय थोडा सुधारला. काठी धरून तो मोरीपर्यंत जाऊ लागला. उजवा हात लुळाच राहिला. त्याला सगळं कळत होतं. पेपर पुढे धरला तर डोळे ओळींवरून फिरत. फक्त शब्द येईना. तोंड उघडायचा, ओठ हलायचे, आणि बाहेर यायचा तो नुसता "अ... अ...". मग स्वतःवरच चिडून मान फिरवायचा.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी येऊ लागली. गोड होती, चिकाटीची होती. चित्रांचे पत्ते दाखवायची. कमल, खरगोश, पतंग. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आंटीजी, घर में क्या बोलते हैं?"

"मराठी," मी म्हटलं.

तिला मराठी येत नव्हती. झाशीत कोणाला येते? आमची माणसं पेशव्यांच्या काळात इथे आली आणि उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, अशी वाटणी करून राहिली. दादाचा मुलगा बंगळूरला. त्याला मराठी कळते, पण उत्तर हिंदीत देतो. सुभेदार आठवड्यातून एकदा यायचे. रोज उठून माझ्याशी मराठीत बोलणारं, मला "ए शहाणे" म्हणणारं माणूस उभ्या झाशीत एकच होतं. ते बोललं नाही तर मी या घरात भिंतींशीच बोलणार होते. मुलगी म्हणाली होती की सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, आणि ते महिने एकेक करून माझ्या डोळ्यांदेखत चालले होते.

मग मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. लहान बाळाला लावतात तसं वेखंड मधात उगाळून त्याच्या जिभेला लावलं. सोमवार धरले. मी, जिने बाकीचे देवापुढे हात जोडत असताना आयुष्यभर पोरींचे पेपर तपासले. त्याच्यासमोर बसून एकेका अक्षरासाठी ओरडले. एकदा पाण्याचा पेला हातात धरून म्हटलं, "पाणी म्हण, मग देते." तो पेल्याकडे बघत राहिला. ओठ हलले. मग त्याने मान भिंतीकडे वळवली, आणि मी पेला त्याच्या तोंडाला लावला तरी संध्याकाळपर्यंत प्यायला नाही.

रविवार चालूच होते. सुभेदार आणि भैया यायचे, आम्ही सिनेमा लावायचो, मोठ्याने वाद घालायचो. मुद्दाम चुकीचं बोलायचो, दादा न राहवून आम्हाला दुरुस्त करेल म्हणून. लिफ्टवाला पहिल्या क्रमांकावर टाकला. त्याच्या लेखी तो सिनेमा म्हणजे शुद्ध फसवणूक. त्याने डाव्या हाताने खुर्चीचा हात दोनदा थोपटला, डोळे मोठे केले, आणि थकून मान टेकवली.

त्याच संध्याकाळी माझ्या डोक्यात ते शिरलं.

तुम्ही असले सिनेमे पाहिले असतील. मुकी झालेली नायिका, शेवटी काहीतरी भयंकर समोर येतं, आणि ती किंचाळते. वाचा परत येते. अशा सिनेमांना आमच्या यादीत थाराच नव्हता. "डॉक्टरकी शिकायची तर दुसरीकडे शिकावी," दादा म्हणायचा. आम्ही सगळे त्यावर खो खो हसलेलो होतो. आणि आता मीच गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांत उभी राहून त्या दोघांना सांगत होते की आपण त्याला एकदा घाबरवून बघू.

"ताई, आवं, पर हे..." सुभेदारांनी डोकं खाजवलं.

"भुताने तो घाबरायचा नाही. त्याला कशाची भीती वाटते ते त्यानेच आपल्याला सांगून ठेवलंय."

भैयांना मी सगळं नीट समजावलं. मी दादाला ओळखायचं नाही. सुभेदारांनीही नाही. त्याने फक्त तोंड उघडून सांगायचंय की तो कोण आहे. दोन शब्द. माणूस स्वतःसाठी दोन शब्द नाही काढणार?

"जिज्जी, जो काम ठीक नइयाँ," भैया म्हणाले.

"तुमचा भाऊ असता तर?" मी त्यांच्यावर खेकसले. "तुम्हाला काय, तुम्ही बस धरून चिरगावला जाता. मागे मी राहते इथे." सुभेदार म्हणाले, "ताई म्हणत्यात तर करू." या माणसाने आयुष्यभर हुकूम ऐकलेला, मी त्याचाच फायदा घेतला.

पुढच्या रविवारी दुपारी पडदे ओढलेले होते. दादा खुर्चीत बसला होता, मांडीवर शाल. मी आतून आले आणि दारातच थबकले.

"आप कौन हैं?" मी विचारलं.

साठ वर्षांत आमच्या दोघांत हिंदीचं एक वाक्य कधी झालं नव्हतं. लहानपणी भांडतानासुद्धा नाही. तो आधी हसला. डाव्या बाजूनेच हसू यायचं त्याला, ते आलं.

"हँस क्या रहे हैं? अंदर कैसे आए आप? यह मेरा घर है."

हसू गेलं. त्याने सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार छातीत हवा भरून पुढे झाले. "ये आदमी कौन है, मैडम? निकालूँ इसको?" आणि त्यांनी दादाचा दंड धरला. तो लुळा दंड.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. फक्त तोंडाकडे. ओठ हलायला लागले होते. घशात काहीतरी चढत होतं, मला दिसत होतं, आणि मी मनात म्हणत होते, ये, ये, ये. "नाम बताइए अपना," मी आवाज चढवला. "नाम नहीं है आपका?"

"अ... अ..." त्याने डावी मूठ छातीवर मारली. एकदा, दोनदा. मी, मी. मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बोट केलं. मग माझ्याकडे. परत फोटोकडे. त्याने जेवढं सांगता येत होतं तेवढं सगळं सांगितलं, आणि मी, त्याच आईची मुलगी, म्हणाले, "मैं नहीं जानती."

त्याचे डोळे मी तेव्हा पाहिले. आमच्या एकवीस सिनेमांपैकी एकातही तसे डोळे नव्हते. त्याला वाटलं असणार की आता डोक्यातलं उरलंसुरलंही गेलं; की हे त्याचं घर नाहीच, आणि तो चुकीच्या माणसांत येऊन बसलाय. त्याने उठायचा प्रयत्न केला, काठी पडली, शाल पडली, आणि खुर्चीखाली पाणी दिसू लागलं.

भैयांनी पडदे बाजूला सारून ऊन आत घेतलं. "बस करौ," ते म्हणाले. "बस करौ, जिज्जी." त्यांनीच खाली बसून दादाचे पाय पुसले.

मी त्याच्या गुडघ्यांना मिठी मारून म्हटलं, दादा, मी आहे रे, नाटक होतं, सिनेमातलं, तुझ्यासाठीच केलं, तू बोलावंस म्हणून. मराठीत म्हटलं, रडत म्हटलं, वीस वेळा म्हटलं. त्याला सगळं कळत होतं हे मी आधी लिहिलंच आहे. हेही कळलं असेल. पण ज्याला एकदा कळलं की बहीण असंही करू शकते, त्याला नाटक होतं हे कळून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी व्यायाम घेणाऱ्या मुलीला मी खरं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आंटीजी, अब कुछ दिन उनसे कुछ मत माँगिए." मी मान हलवली. रविवार बंद झाले. सुभेदार फोन करायचे, पण घरी येईनात. त्यांना दादापुढे उभं राहायचं धाडस होत नव्हतं. मी घरात पाय वाजवत चालू लागले, खोलीत शिरण्याआधी दारातूनच "दादा, मी येतेय" म्हणू लागले. तो जेवायचा, औषध घ्यायचा. माझ्याकडे बघायचा नाही.

असे तीनेक आठवडे गेले. एका सकाळी मऊ भाताची वाटी घेऊन मी गेले. डोक्यात गॅस बंद केला की नाही हे घोळत होतं, त्यामुळे दारातून हाक द्यायची राहिली. तो खिडकीबाहेर बघत होता. मी अगदी जवळ जाऊन वाकले तेव्हा त्याने वळून पाहिलं.

"नको," तो म्हणाला.

स्वच्छ. खणखणीत. "न" आणि "को", दोन्ही पूर्ण, आणि मराठीत. माझ्या हातातून वाटी सुटली. मी ओरडले. धावत जाऊन फोन उचलला, सुभेदारांना लावला. "बोलला!" मी म्हटलं. "सुभेदार, दादा बोलला! आत्ता, माझ्यासमोर!" तिकडे ते रडायलाच लागले. "काय बोलले? ताई, काय बोलले?"

मी आनंदाने मागे वळले, त्याला फोनवर परत बोलायला लावावं म्हणून. तो खुर्चीत अंग चोरून बसला होता. मास्तरांनी छडी उगारल्यावर पोरं धरतात तसा डावा हात तोंडासमोर आडवा धरलेला, आणि हातावरून माझ्याकडे बघणारे ते डोळे.

"काय बोलले, ताई?"

"नको म्हणाला," मी सांगितलं. "मला बघून."