मागच्या कव्हरावरचं नाव

चिमूरच्या आमच्या वाचनालयातली सगळी जुनी पुस्तकं एकसारख्या लाल कापडाच्या बांधणीत आहेत. हा शहाणपणा माझा. तीस वर्षांपूर्वी मी नवी ग्रंथपाल होते आणि फाटकी कव्हरं माझ्या डोळ्यांत खुपायची. पुस्तकं बांधणारे जिल्दसाज शहबाजभाऊ, त्यांना मी हुकूम सोडला, "कव्हरं काढून टाका. पहिलं पान फाटकं असेल तर तेही." त्यांनी व्हरांड्यात चूल मांडली, खळ शिजवली आणि दोन महिन्यांत कपाटं लाल केली. समितीनं माझं कौतुक केलं. समितीला पुस्तकातलं काय कळतं? मला तरी कुठे कळत होतं म्हणा.

शहबाजभाऊंचे वडील, रहीम, गावातल्या छापखान्यात जुळारी होते. एकेक अक्षराचा खिळा उचलून पान रचायचं, हे त्यांचं काम. शहबाजभाऊ दोन वर्षांचे असताना ते गेले. घरात त्यांचा फोटो नाही, सहीचा कागद नाही.

आठ वर्षांपूर्वी शहबाजभाऊंची आई खुर्शीदाबी शेवटच्या दुखण्यात पडली, तेव्हा कुठे तिनं सांगितलं. एका गुरुजींचं झाडपाल्याच्या औषधांचं पुस्तक अब्बानं एकट्यानं जुळवलं होतं आणि छापखान्याच्या मालकानं खूश होऊन मागच्या कव्हरावर त्याचं नाव छापलं होतं. छापून झाल्यावर कळलं, की आत मोहफुलाचं चित्र उलटं बसलंय. अब्बा दोन दिवस जेवला नव्हता.

शहबाजभाऊंना ते पुस्तक मिळालंही, पण नागपुरात छापलेली दुसरी आवृत्ती. तिच्यात मोहफूल सरळ होतं आणि अब्बाचं नाव नव्हतं. तेव्हापासून माणूस पहिल्या आवृत्तीमागे लागला. गुरुजींच्या घरी गेले, तर तिथलं वाळवीनं खाल्लेलं. आमच्या यादीत ते नव्हतं; पहिलं पान गेलेली पुस्तकं बिननावाचीच पडून होती. वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, जिथे रद्दी तिथे शहबाजभाऊ. या नादात त्यांना सगळ्याच पुस्तकांची पहिली आवृत्ती ओळखता यायला लागली. आवृत्तीचं पान नसलं तरी अडायचं नाही. पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या जाहिरातीत नंतरच्या सालातलं एखादं पुस्तक दिसलं, की म्हणायचे, "ही मागाहून छापली." पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवून खिळ्यांचा उठाव बघायचे.

यंदा आम्ही बाद पुस्तकं विकायला काढली. नागपूरहून अमर नावाचा जुन्या पुस्तकांचा व्यापारी आला. त्याला पहिल्या आवृत्त्या हव्या होत्या आणि माझ्या कृपेनं निम्म्या पुस्तकांना पहिलं पानच नव्हतं. मी शहबाजभाऊंना बोलावलं. ते भराभर निवडत होते आणि एकदम थांबले.

"बाई, इथी पाहा. मोहफूल उलटं आहे."

पानाच्या पाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "माह्या अब्बाचं काम आहे हे." मग त्यांनी पुस्तक पालथं केलं. मागे लाल कापड.

हुकूम माझा होता.

"बाई, तवा कव्हरं कुठी टाकत होतो आपण?" त्यांना माहीत होतं. तरी माझ्याकडून ऐकायचं होतं.

"चुलीत, भाऊ. खळ शिजवायला."

"मीच जाळलं म्हणा."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. सांगितलं मी होतं."

"हात तं माहेच होते ना!"

अमरनं पुस्तक उलटसुलट पाहून ढिगावर टाकलं. "कव्हर नसलं की पहिली आवृत्तीही रद्दीच, मॅडम." खरंच होतं ते, पण त्याच्या तोंडून ऐकताना मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. तीस वर्षं पुस्तकं सांभाळल्याचा मान मी मिरवला. त्या पुस्तकांच्या खाली मीच जाळ लावला होता.

शहबाजभाऊंनी ढिगावरून पुस्तक परत उचललं आणि मागचा पुठ्ठा उघडला. आत त्यांचा जुना शिक्का होता, निळ्या शाईतला, अजून ठळक: शहबाज, जिल्दसाज, चिमूर. ते नखानं शिक्का खरवडायला लागले. कागद फाटायला लागला, पण अक्षरं निघेनात.

"राहू द्या, भाऊ," मी म्हटलं.

"काऊन राहू देऊ, बाई? अब्बाच्या जागी माहं नाव कशाले पाह्यजे?"