सुग्रा आपांनी शिकवलेली आरोळी

मधल्या सुट्टीत, मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी दर्यापूर गाडीचा कंडक्टर रहीम उभा दिसला. त्याची गाडी अकोल्याला रोज येते, पण तो शाळेपर्यंत कधी आला नव्हता. मी जवळ जाईपर्यंत त्यानं टोपी काढली आणि घडी करून खिशात घातली. "सुग्रा आपा गेल्या, बाई. आज पहाटे," तो म्हणाला. "तुमची नसीम होती जवळ. तुमालेबी तार केली होती म्हने... भेटली नाही काय?" तार भेटली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी आली. मी त्याच्याच गाडीनं निघाले आणि सगळा रस्ता एकच हिशेब करत राहिले : जनाजा उठायच्या आत पोचते की नाही? बाहेर काळ्या मातीत पऱ्हाटीची बोंडं फुटली होती. गाडी जिथं जिथं थांबली, तिथं मला ड्रायव्हरवर ओरडावंसं वाटलं. रहीम मागे वळून सांगायचा, "पोचतो, पोचतो..." तोही आपांच्याच ओसरीत शिकलेला. त्या ओसरीतून गेलेल्या मुलांमध्ये उशीर झाल्याची एक विशेष भीती आहे. ती कुठून आली, हे मला माहीत आहे आणि आज तेच लिहायचं आहे.

सुग्रा आपा दर्यापूरच्या आमच्या मोहल्ल्यातल्या. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाच्या घरी परत आलेल्या. पुढची एक खोली आणि ओसरी भावानं त्यांना दिली. मराठी शाळेची घंटा होण्याआधी, सकाळच्या उन्हात, मोहल्ल्यातली लहान पोरं त्या ओसरीत कुराण वाचायला बसायची. आमचे बाप कुणी कापसाच्या जिनात कामाला, कुणी पिंजारी, कुणी हातगाडीवर संत्री विकणारे. त्यांना वाटायचं, पोराला चार सूरा पाठ झाल्या की पुरे. आपांना ते पुरेसं वाटत नसे. सूरा पाठ करणारं पोर आईला उलट बोलत असेल, तर त्या पाठांतराचं काय करायचं, असं त्या विचारायच्या. म्हणून वाचन झालं की तमीज. उजव्या हातानं खा, पाणी बसून पी, दुसऱ्याच्या फाटक्या सदऱ्याला हसू नको, आपल्या चुलीचा वास शेजारी गेला तर वाटीभर कालवणही जाऊ दे. सलाम लहानानं मोठ्याला करायचा, पण आपा स्वतः आम्हालाच आधी करायच्या. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो आणि गल्लीत वऱ्हाडी. आपा दोन्ही मिसळून बोलायच्या, त्यामुळे त्यांचं बोलणं रागावल्यासारखं कधी वाटत नसे.

सगळ्यात आवडता धडा होता दुसऱ्याच्या घरी जाण्याचा. ओसरीच्या खांबाला गोणपाट बांधून आपा दार तयार करायच्या. एकजण आत, एकजण बाहेर. दारासमोर उभं राहायचं नाही, नजर आत जाते. भिंतीला लागून बाजूला थांबायचं. सलाम करायचा, आवाज मऊ ठेवायचा. थांबायचं. असं तीनदा. तरी जवाब आला नाही, तर मन खट्टू न करता परत फिरायचं. घरवाल्यांची काही अडचण असेल. माझी धाकटी बहीण नसीम तेव्हा सहा वर्षांची होती आणि ह्या खेळात तिचा हात कुणी धरू शकत नसे. परत फिरताना बाकीची पोरं तोंड वाकडं करायची. ही हसत फिरायची. आपा म्हणायच्या, "देखो, माझ्या नस्सोकडून शिका."

त्या उन्हाळ्यात अम्मीचे दिवस भरत आले होते. अर्धा मोहल्ला एका लग्नाला अंजनगावला गेलेला, अब्बा जिनात. भर दुपारी अम्मीला कळा सुरू झाल्या, अजून वेळ आहे असं सगळे म्हणत असताना. घरात मी अकरा वर्षांची आणि नसीम. अम्मीनं माझा हात सोडला नाही, म्हणून नसीमला पाठवलं : दोन गल्ल्या पलीकडे पारबतामाय दाई राहते, तिला म्हण, अम्मीनं लवकर बोलावलंय. नसीम पळत गेली. मी अम्मीच्या कपाळाचा घाम पुसत दाराकडे बघत होते. उन्हाची तिरीप जात्यापर्यंत आली, जात्यावरून पुढे सरकली. अम्मीचे ओठ पांढरे पडले होते. मग दारात पावलं वाजली, आणि ती एकाच माणसाची होती.

"अम्मी, मैंने तीन बार सलाम करा," नसीम म्हणाली. "जवाब नई आया. मैं वापस आ गई." आणि थोडं थांबून, शाबासकीची वाट बघत, "मैंने बिल्कुल बुरा नई माना..."

मी कशी धावले ते आठवत नाही. पारबतामाय परसात कुरडया घालत होती. तिला बोलावणं सोपं होतं, नुसतं "माय" म्हणून ओरडायचं होतं. नसीम सलाम करून परत फिरली हे माझ्याकडून ऐकताच कपाळाला हात मारत ती माझ्यापुढे धावत सुटली. "अवं, माय मरून राह्यली अन् हे पोट्टी भिताडाले चिकटून सलाम करून राह्यली! कावून वरडली नाही वो? मी काय कलेक्टर हाव?" इस्माईल, माझा भाऊ, जन्मला तेव्हा निळा होता. तो रडेना. पारबतामायनं त्याला उलटं धरलं, चापट्या मारल्या, गार पाण्यात आणि कोमट पाण्यात आळीपाळीनं बुडवलं, शिव्या दिल्या, देवाचं नाव घेतलं... शेवटी मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. अम्मीला मात्र त्याच संध्याकाळी ताप चढला, आणि तो उतरेना.

लग्नाहून मोहल्ला परतला, तशी ही गोष्ट घराघरांत गेली. अब्बांचे मोठे भाऊ, बडे अब्बा, अंगणातल्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "अदब सिखाते सिखाते घर में दो जनाजे उठा देती थीं ये उस्तानी." आयांनी आपापली पोरं ओसरीतून काढून घेतली. आपांचा भाऊसुद्धा म्हणाला म्हणे, हे बंद कर आता. पण सगळ्यांत वाईट झालं ते नसीमचं. तिनं बाजेवरचं बोलणं ऐकलं होतं. अम्मी आतल्या खोलीत तापात बरळायची आणि ही धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायची. कुणाशी बोलायची नाही. सलाम तर नाहीच. जेवण ताटलीत घालून कणगीमागे सरकवावं लागायचं. अम्मी गेली तर आपण तिला मारलं, असं ह्या पोरीला आयुष्यभर वाटत राहील, हे मला त्या वयातही कळत होतं. मी अम्मीच्या श्वासाकडे बघायची, मग कणगीकडे बघायची, आणि दोन्हीकडे काही हललं नाही की अम्मीच्या छातीवर हात ठेवून बघायची.

अशा वेळी आपा आल्या. अंगणात बडे अब्बा होते, अब्बा होते, विचारपूस करायला आलेली चार माणसं होती. डोक्यावरचा पदर नीट करून आपा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलीनं काही चुकवलं नाही. मी जेवढं दिलं तेवढं तिनं पुरं केलं. तो धडा कुठं सोडायचा, ते मी दिलं नाही. गुन्हा माझा आहे." बडे अब्बा म्हणाले, "अब बोल के क्या फायदा?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्याशी नाही बोलत मी, भाईसाब. आत जी ऐकते आहे, तिच्याशी बोलते आहे." मग त्या आमच्या दाराशी गेल्या, बाजूला भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि मऊ आवाजात सलाम केला. आतून अम्मीनं क्षीण आवाजात जवाब द्यायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "तुम्ही नको, हा नसीमला आहे." तीनदा सलाम झाला. कणगीमागून काही आलं नाही. आपा परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. रोज ऊन कलल्यावर, असरच्या नमाजीनंतर यायच्या. लोक हसायला लागले. बडे अब्बांनी बाज उचलून दुसरीकडे नेली. मला आपांचा राग यायचा... आत जाऊन तिला कवेत का घेत नाही? पण आपा कधी आत आल्या नाहीत. पुढं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बेटा, मी घुसले असते तर तिला वाटलं असतं, सलाम खोटाच असतो. मग तिनं केलेलंही खोटं ठरलं असतं." पण त्याच वेळी कबूलही केलं, "रोज परत जाताना मी वळून दाराकडे बघायची. वाटायचं, उद्याही नाही बोलली तर?"

अम्मीचा ताप उतरला त्यानंतरच्या एका संध्याकाळी दुसऱ्या सलामावर कणगीमागून आवाज आला. जवाब नव्हता, प्रश्न होता. "आपा, पारबतामाय को सुनाईच नई आया तो?"

"तो चिल्लाना," आपा बाहेरूनच म्हणाल्या. "दार वाजवायचं. आत घुसायचं. हात धरून ओढत आणायचं."

"और अदब?"

"अदब माणसासाठी आहे, बेटा. माणूस जात असेल तर अदब बाजूला उभी राहते. हे मी तुला सांगायला विसरले. मला माफ कर."

नसीम बाहेर आली. केसांत कणगीचा भुसा होता. ती माफ केलं म्हणाली नाही, तिला ते म्हणता येत नव्हतं. तिनं फक्त "वालेकुम अस्सलाम" म्हटलं, फार हळू, आणि आपा दाराबाहेर भिंतीला टेकून खालीच बसल्या.

ओसरी पुन्हा भरायला वेळ लागला. सुरुवातीला आम्ही दोघीच. आणि पहिला धडा काय, तर ओरडण्याचा! आपांनी पारबतामायलाच बोलावून आणलं, गोणपाटाच्या पडद्यापासून लांब, विहिरीपाशी बसवलं आणि म्हणाल्या, "तुला ऐकू आलं तर हात वर कर." आम्ही बोंबलायचो. पारबतामाय पान चघळत ढिम्म बसायची. "हे काय वरडनं हाय? मच्छर हाय का तुमी?" गल्लीतली माणसं काम टाकून बघायला यायची. "उस्तानीबाईच्या शाळेत आता बोंबा ठोकायचं शिकवतात," असं कापूसवाले गाडीवानसुद्धा म्हणायचे. बघायला आलेल्या पोरांना राहवलं नाही, तीही रांगेत उभी राहून ओरडू लागली. त्या गोंधळातूनच ओसरी परत भरली.

पण आपांची काळजी काही गेली नाही. त्यानंतर कुठलीही गोष्ट शिकवली की त्या विचारायच्या, "आणि हे कधी करायचं नाही?" मोठ्यांचं ऐकायचं. कधी नाही? पाहुण्यानं दिलेलं घ्यायचं. कधी नाही? आम्ही उत्तरं शोधायचो आणि त्या आमच्याकडे धास्तावून बघायच्या, जणू एखादं उत्तर राहून गेलं तर पुन्हा कुणाच्या घरात काही घडेल. एकदा म्हणाल्या, "मुलं शब्द लगेच उचलतात. अर्थ मागून येतो. मधल्या वेळात काय होईल, त्याची मला भीती वाटते." मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीच्या कॉलेजात जाण्यावरून अब्बा अडून बसले, मुलीनं घरात राहावं हीच तमीज असं म्हणाले, तेव्हाही आपांनी त्यांना एवढंच विचारलं, "आणि कधी नाही, भाईसाब?" आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. त्या प्रश्नाशिवाय मी झाले नसते. आज वर्गात साठ मुली समोर असतात आणि मी त्यांना काहीबाही शिकवून मोकळी होते. घरी आल्यावर रात्रभर वाटत राहतं, 'कधी नाही' सांगायचं राहिलं का कशाचं...

मी पोचले तेव्हा जनाजा गेलेला होता. शेवटच्या दोन दिवसांचं मला नसीमनं सांगितलं. शेजारची शाहीन, आता ओसरीत शिकणारी, दूध घेऊन आली. दाराला आतून कडी. तिनं सलाम केला. दुसरा करायला ती थांबलीच नाही. दूध टाकून तिनं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या पिठाच्या गिरणीतली माणसं धावली. त्यांनी दार ढकलून कडी उखडली. आपा जमिनीवर पडल्या होत्या, वाचा गेलेली, पण श्वास होता. डॉक्टर आले. आपा त्यानंतर दोन दिवस जगल्या, आणि त्या दोन दिवसांत नसीम अमरावतीहून येऊ शकली. दारात तिनं सलाम केला, आणि जवाबाची वाट न बघता आत गेली.

मी त्या खोलीत बराच वेळ बसले. दार लागत नव्हतं. वाकलेली कडी एका खिळ्यावर लोंबत होती. आपांचे भाऊ म्हणाले, उद्या सुतार बोलावतो. मी चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला गेले, तेव्हाही ती तशीच होती. सकाळ होती, आणि ओसरीत शाहीन तिच्याहून लहान पोरांना रांगेत बसवत होती.