बाबांच्या फटफटीतला अनोळखी पुर्जा

नर्मदेला मैया म्हणायची सवय मला बोलायला लागल्यापासूनची आहे. जबलपुरात वाढलेल्या कुणालाही ती असतेच. पण सवय म्हणजे श्रद्धा नव्हे, हे मला उतारवयात कळलं. गेल्या हिवाळ्यात आमचं जबलपूर कायमचं सुटायची वेळ आली, तेव्हा मी मनातून मैयावर रुसून बसले होते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, लग्न केलेलं नाही, आणि घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आई घरात पडली तेव्हापासून तिचं चालणं जवळजवळ बंद झालं होतं. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, आता दोघी माझ्याकडेच या. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नेपियर टाउनमधलं घर विकायचं ठरलं, तिकिटं निघाली. आईनं एका शब्दानं विरोध केला नाही. फक्त एक अट घातली.

"मैयाचा निरोप घेतल्याशिवाय मी निघत नाही," ती म्हणाली. "आन् बंद मोटारीत नाही बसत. जीव गुदमरते माझा. बाबांच्या साइडकारमधून नेशील तर नेजो."

हे ऐकून मी हसले, मग माझ्या लक्षात आलं की ती गंमत करत नव्हती.

बाबांची फटफटी कुठल्या कंपनीची, असं कुणी विचारलं की बाबा छातीवर हात ठेवून "या कंपनीची" म्हणायचे. ते इथल्या एका सरकारी कारखान्यात फिटर होते. मी शाळेत जायला लागले, भाऊ आईच्या मांडीवर होता, आणि चौघांना सायकलवर नेता येत नाही म्हणून त्यांनी ही गाडी स्वतः बांधली. लष्कराच्या भंगारातून घेतलेलं इंग्रजी इंजिन, दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स, तिसरीचा पुढचं चाक धरणारा चिमटा. पेट्रोलची टाकी त्यांनी पत्रा ठोकून हातानं घडवली होती. बाजूला जोडलेल्या साइडकारच्या आत चक्क घरची वेताची खुर्ची बसवलेली. दर पौर्णिमेला आम्ही नर्मदेवरच्या ग्वारीघाटला जायचो. आई पदर कमरेला खोचून, भावाला घेऊन खुर्चीत, आणि मी बाबांच्या मागे त्यांच्या शर्टाला घट्ट धरून. पेट्रोलचा आणि झेंडूच्या हाराचा मिसळलेला वास आजही कुठे आला की मला आधी घाट आठवतो. कॉलेजात गेल्यावर बाबांनी मला ती चालवायला शिकवली. साइडकारची गाडी एका बाजूला ओढते, तिला हळूहळू समजावत न्यावं लागतं, असं ते म्हणायचे. बाबा गेल्यावर ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली ती राहिलीच.

रज्जू भैयांना बोलावलं. त्यांचं गॅरेज आमच्या गल्लीच्या टोकाला, बाबांना ते लहानपणापासून ओळखत. त्यांनी ताडपत्री काढली, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "दीदी, ये गाड़ी थोड़ी है, ये तो पूरा कबाड़ी बाज़ार है!" पण त्यांच्या आवाजात प्रेम होतं.

मग सुरू झाली एकेका पुर्ज्याची ओळख परेड. त्या दिवसांत मी बाबांना पुन्हा भेटत होते असं वाटायचं. घोड्याच्या खोगिरासारखी दिसणारी सीट सायकलरिक्षाच्या स्प्रिंगांवर बसवलेली निघाली. मागच्या ब्रेकची कांब म्हणजे आमच्या जुन्या खिडकीचा गज होता. आईनं पलंगावरून बघूनच ओळखला. "अच्छा, म्हणून ती खिडकी कधी नीट लागली नाही," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ हसत राहिली. कार्बोरेटर साफ झाला, टायर मिळाले, गंजलेली चेन बदलली. सगळं जमत आलं आणि मॅग्नेटोपाशी अडलं. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र. त्याच्या आतलं तारेचं वेटोळं, कॉइल, जळून गेलं होतं. ठिणगी नाही तर गाडी नाही. आणि हा मॅग्नेटो कशाचा, हे कुणालाच सांगता येईना. वरचं नाव झिजून गेलेलं. जुन्या गाड्या जपणाऱ्या नागपूर-इंदूरच्या लोकांना मी फोटो पाठवले. प्रत्येकाचं उत्तर एकच, कुठल्याच मोटारसायकलला असा मॅग्नेटो बघितला नाही.

"बॅटरी लगा दें?" मी विचारलं.

रज्जू भैयांनी मान हलवली. "बाबूजी का बनाया हुआ ये पूरा हिस्सा काटना पड़ेगा, दीदी. और काटने के बाद चलेगी ही, ये मैं नहीं बोल सकता."

निघायचा दिवस जवळ आला होता. आईला बारीक ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, घाटावर न्यायचं असेल तर थंडी वाढायच्या आत न्या. त्या दिवशी आई मला म्हणाली, "काहून इतकी धावून राहिली, बेटा? नाही जमलं तर नाही. जा, माझ्यासाठी थोडं मैयाचं पाणी घेऊन ये." तिनं हट्ट सोडला होता आणि तेच मला सोसवेना.

मॅग्नेटो पिशवीत घालून मी एका दुकानात दाखवायला निघाले होते. तिथं नेहमीचं उत्तर मिळालं. तशीच ऑटोनं ग्वारीघाटला गेले. दुपार कलली होती. पायऱ्यांवर बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नदीशी भांडले. ओठ हलवून नाही, आतल्या आत. म्हटलं, तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आताही माझ्यासाठी मागत नाही. जन्मभर तुझं नाव घेणाऱ्या एका म्हातारीला तुझ्यापर्यंत यायचंय, एवढंही तुला होत नाही? मग रडू आलं. पिशवीतून रुमाल काढताना मॅग्नेटो बाहेर आला, तो मी शेजारी पायरीवर ठेवला.

खालच्या पायरीवर एक परिक्रमावासी बाई पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. पांढरं लुगडं, काठी, पाठीवरची झोळी उतरवून ठेवलेली. नर्मदेची परिक्रमा करणारी माणसं आमच्या घाटावर रोजचीच, मी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्याच वळून म्हणाल्या, "नर्मदे हर, दीदी. पंप खराब हो गया क्या?"

मी म्हटलं, "पंप? नहीं जी, ये तो मोटरसाइकिल का है."

त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला. "ना. ये मिट्टी के तेल वाले पंप का है. हमारे कुएँ पर बरसों चला. यही भीग जाता था, तो मैं इसको चूल्हे के पास रखकर सुखाती थी. भगवान की मूरत जैसा सँभाला है इसको." आणि त्या हसल्या.

त्या निमाडकडच्या, एका गावच्या शाळेत शिकवायच्या, घरची शेती होती. मला त्यांच्याबद्दल एवढंच कळलं. आम्ही घाटावर चहा घेतला. त्यांनी आईची चौकशी केली, मी सगळं सांगितलं. उठताना म्हणाल्या, "मैया को जिससे मिलना होता है, उसका रास्ता वही बनाती है. आप चलती रहो, बस." आणि काठी टेकत पुढच्या मुक्कामाच्या वाटेला लागल्या.

घरी येऊन मी आईला मैयाचं पाणी दिलं आणि पंपाचं सांगितलं. आईनं पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "सिहोऱ्याला पटेल होते ना, बाबांचे दोस्त. त्यांच्या विहिरीवरचा पंप बिघडला की बाबा रविवारी जायचे. येताना हरभऱ्याचे डहाळे आणायचे, तुला आठवत नाही?" मला डहाळे आठवत होते. हिरवे, मातीच्या वासाचे, साइडकारमध्ये भरून आणलेले. ते कुठून यायचे, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रज्जू भैया आणि मी बसनं सिहोऱ्याला गेलो. पटेल केव्हाच वारले होते. त्यांचा मुलगा, आता तोही केस पिकलेला, आम्हाला शेतावर घेऊन गेला. बाबांचं नाव सांगताच म्हणाला, "अरे, हमारे यहाँ दो पंप थे. एक की बॉडी फट गई, तो उसका मैग्नेटो पिताजी ने आपके बाबूजी को दे दिया था, गाड़ी में लगाने के लिए. दूसरा वो पड़ा है."

विहिरीजवळच्या खोलीत, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली तो पंप होता. रज्जू भैयांनी पोती बाजूला केली, फडक्यानं पुसलं आणि हातातला मॅग्नेटो त्याच्या शेजारी धरला. दोन्ही अगदी जुळे. चाक फिरवून त्यांनी तार लोखंडाजवळ नेली, आणि एक निळी ठिणगी चट्कन उडाली. पटेलांच्या मुलानं आपसूक हात जोडले.

गाडी लगेच काही सुरू झाली नाही. रज्जू भैयांनी त्या पंपातली कॉइल बसवली, मी किक मारून मारून थकले, त्यांनी पुन्हा सगळं खोललं. आणि मग एका सकाळी अंगणात तो आवाज झाला. धडधड, मध्येच एक ठोका चुकल्यासारखा, पुन्हा धडधड. आत पलंगावर आईनं डोक्यावरून पदर घेतला. बाबा बाहेरून आले की ती घ्यायची, तसाच.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. वेताच्या खुर्चीत उशा, शाल, आणि त्यात माझी आई. रज्जू भैया स्कूटरवरून मागे. मी बाबांनी सांगितल्याप्रमाणे गाडीला समजावत नेत होते. आई रस्ताभर दोन्ही बाजूंना बघत होती, जणू सगळ्या दुकानांना भेटून घेत होती. घाटावर एक म्हातारे नावाडी आवाज ऐकूनच उठून उभे राहिले. "ये तो फिटर साहब की गाड़ी है," म्हणत पुढे आले. त्यांनी आणि रज्जू भैयांनी साइडकारमधली खुर्ची सोडवून आईला खुर्चीसकट उचलून खाली नेलं आणि पाण्याच्या काठाला ठेवलं.

आईनं वाकून दोन्ही हात पाण्यात बुडवले. बराच वेळ तसेच ठेवले. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर काहीतरी मागेल. तिनं ओले हात डोळ्यांना लावले आणि एखादी शेजारीण निघताना म्हणते तशी, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "येते हं मैया."

आपण मराठी माणसं निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. हे मला जन्मभर माहीत होतं. तरी त्या सकाळी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. महिनाभर माझी जी धडपड चालली होती ती निरोपासाठी नव्हती. काहीही सुटू नये म्हणून होती. घर, गाव, बाबा, नदी. आई मात्र सोडतही नव्हती आणि धरूनही ठेवत नव्हती. तिनं सगळं जिचं होतं तिच्या हवाली केलं होतं, कदाचित फार पूर्वीच.

आता आम्ही पुण्यात आहोत. गाडी रज्जू भैयांकडे आहे, ते ती चालवतात, आणि चालवावीच. मैया माणसाच्या रूपात घाटावर आली होती असं मी म्हणणार नाही. त्या बाई खऱ्या होत्या; त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यांनी चहात साखर जास्त मागितली होती. त्या त्याच वेळी, त्याच पायरीवर का बसल्या होत्या, याचा मी पुष्कळ विचार केला. आता करत नाही. जे आपल्यासाठी घडून येतं त्याचा हिशेब लागत नाही, त्याला फक्त हात जोडता येतात. सकाळी आईला खिडकीपाशी बसवते, ती डोळे मिटते, आणि आजकाल मीही तिच्याशेजारी बसून मिटते. मागण्यासारखं काही आठवत नाही. तशीच बसून राहते, आणि भरून येतं.