काळ्या धुराचा शेरा

माझ्या सासऱ्यांबद्दल मी कधी काही लिहीन असं आमच्या घरात कुणालाही वाटलं नसेल, कारण लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आमचं फारसं जमतच नव्हतं. गॅस कसा पेटवायचा हे ते मला शिकवायचे. ज्योत जरा पिवळी दिसली की मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, हवा कमी पडतेय." मी दातओठ खात बर्नर घासायला घ्यायचे.

ते रेल्वेत फायरमन होते. वाफेच्या इंजिनात भट्टीपुढे उभं राहून एकवीस वर्षं त्यांनी कोळसा टाकला. मग विजेच्या गाड्या आल्या, इंजिनं भंगारात गेली आणि बाबांना गोदामात खोकी मोजायला बसवलं. निवृत्त झाले ते तिथूनच.

आता लोक म्हणतात, कोळसा टाकायचा, त्यात काय एवढं! मीही म्हणायचे. पण फावडंभर कोळसा धबकन ओतला की तो धड जळत नाही. धुराड्यातून काळा लोट निघतो आणि वाफेचा दाब मात्र पडतो. मुरलेला माणूस थोडा थोडा टाकतो, भट्टीभर पातळ पसरतो आणि दर वेळी मान बाहेर काढून धुराड्याकडे बघतो. तिथे जेमतेम करडी रेघ दिसली की काम चोख. काळा धूर म्हणजे फायरमन कच्चा, इतका सरळ हिशेब. त्या काळी स्टेशनात काळा धूर सोडला तर सर्व्हिस बुकात शेरा बसायचा. बाबांच्या पुस्तकात तसा शेरा एकदाही बसला नाही. निवृत्त होताना त्यांनी त्या पुस्तकाची प्रत मागून घेतली आणि कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवली. घरात पाहुणा आला की आधी चहा नाही, आधी ती प्रत.

गेल्या वर्षी रेल्वेनं एका सहल कंपनीला परवानगी दिली. जुनं इंजिन दुरुस्त करून दर रविवारी आमच्या मोठ्या स्टेशनातून सहल काढायची. या स्टेशनात मी चौकशीच्या खिडकीवर बसते. सोळा फलाट, डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं, दर दोन मिनिटांनी एक गाडी. त्यात हे इंजिन माझ्या खिडकीसमोरच्या शेवटच्या फलाटावर येऊन उभं राहणार. भट्टी सांभाळणारं माणूस आता मिळतंय कुठे? म्हणून कंपनीचा मॅनेजर आमच्या घरी आला आणि बाबांना "अंकल, अंकल" करत घेऊन गेला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाबांनी निळा डगला घातला. खोटं कशाला सांगू, छान दिसत होते.

पहिल्या तीन रविवारी इंजिन स्वच्छ सुटलं. बाबा खुशीत होते. माझ्या खिडकीवर मात्र तक्रारी यायला लागल्या. "अहो, धूर कुठाय? आम्ही फोटोसाठी आलोय." एक गृहस्थ तर म्हणाले, फसवणूक आहे. मॅनेजरनं बाबांना बाजूला घेतलं.

"अंकल, स्टेशनच्या पुलावर सगळे कॅमेरे घेऊन उभे असतात. तेवढ्यापुरता जरा काळा सोडा ना."

बाबांना वाटलं, थट्टा करतोय. "अहो, तो चुकीनं निघतो," ते हसत म्हणाले. "मुद्दाम कशी चूक करू?"

चौथ्या रविवारी मॅनेजरनं ड्रायव्हरला पाहुण्यांबरोबर फोटो काढायला खाली उतरवलं. बाबा इंजिनाच्या कडेला टँकरच्या पाइपातून पाणी भरून घेत होते. तेवढ्यात हा शहाणा मॅनेजर वर चढला, भट्टीचं दार उघडलं, तेलात भिजवलेल्या चिंध्या आत फेकल्या आणि वर चार फावडी कोळसा ओतला. बाबांनी खालून पाहिलं, ओरडले, पाइप टाकून धावले. तोवर धुराड्यातून जो काळा लोट उसळला तो थेट तारांपर्यंत. ठिणगी उडाली, वीज गेली आणि सोळाच्या सोळा फलाट ठप्प झाले. माझ्या खिडकीपुढे हजार माणसं जमली. एक बाई तान्हं मूल ओढणीत झाकून खोकत होती. आणि पुलावरचे लोक टाळ्या वाजवत होते. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चौकशी झाली. मॅनेजरनं कानावर हात ठेवले. ड्रायव्हर म्हणाला, मी फोटोत होतो. रेल्वेच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "भट्टीची जबाबदारी कुणाची?"

"माझी," बाबा म्हणाले. जे घडलं तेही त्यांनी सांगितलं, पण साहेबांचं लिहून झालं होतं. भट्टी नीट न हाताळल्यानं काळा धूर. जुन्याच सर्व्हिस बुकाला नवा कागद जोडला गेला. तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. मी साहेबांच्या खोलीत जाऊन भांडले. साहेब म्हणाले, "तुम्ही घरच्या. तुमची साक्ष कशी धरायची?" एवढ्या मोठ्या कंपनीला वाचवायला त्यांना एक म्हातारा सापडला होता, दुसरं काय!

बाबा घरी आले, जेवले आणि झोपले. आठ दिवसांत त्यांनी मला गॅसवरून एकदाही टोकलं नाही. ज्योत पिवळी झाली तरी नाही. मला तेच सहन होईना.

मग मॅनेजर पुन्हा घरी आला. हातात मोठा फोटो होता. काळाकुट्ट लोट, आणि त्याखाली इंजिनाच्या दारात बाबा, तोंड उघडं. ते ओरडत होते, पण फोटोत हसल्यासारखं वाटत होतं.

"अंकल, या फोटोवर अख्ख्या मोसमाच्या जागा विकल्या गेल्या," तो म्हणाला. "आता पुलापासून लांब, तारा नाहीत तिथे थांबून धूर काढू. साहेबांशी बोललोय मी. तुम्ही दर रविवारी दोन मिनिटं काळा सोडायचं कबूल करा, तो शेरा ते काढून टाकतायत."

मला तो शेरा जायला हवा होता. दोन मिनिटं तर दोन मिनिटं, असंही मनात येऊन गेलं.

बाबांनी फोटो हातात घेतला, धुराकडे बघितलं आणि परत दिला.

"राहू दे तो शेरा," ते म्हणाले. "आज तो खोटा आहे. तुमचं ऐकलं तर खरा होईल."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला, मी त्यांची समजूत काढीन या आशेनं. मी उठून दार उघडलं.