उन्हात ठेवलेले सेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच — ज्यांच्याबद्दल आहे, ते त्याचे वडील. तुम्हाला का सांगतेय, तेही धड सांगता येणार नाही.

म्हटली तर गोष्ट एका रिमोटची आहे. हसाल. हसा.

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना आम्ही कळंबहून भिसेगावला, आमच्या फ्लॅटवर आणलं. मी त्यांना बाबाच म्हणायची. तरुणपणी गावच्या कबड्डीच्या संघात होते, गुडघा त्यातच गेलेला. शेत सुटलं, माणसं सुटली, उरली ती टीव्हीवरची कबड्डी. सामना रंगला की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचे हात पुढे व्हायचे — पकड घ्यायला.

मग जुना रिमोट मेला आणि नवऱ्याने बाजारातून तो सगळ्याला चालणारा रिमोट आणला. टीव्हीला तोच, केबलच्या डब्यालाही तोच. बटणं ढीगभर, आणि एवढीएवढीशी. बाबांची बोटं जाडजूड. एक दाबायला जावं तर दोन दाबली जायची. पडदा निळा. "पोरी, परत निळं झालं गं!" मी आतल्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत असायची. लग्नसराई, गिऱ्हाइकं दारात. उठायचं, नीट करून द्यायचं, येऊन बसायचं, की पुन्हा हाक. मी शिकवलंही त्यांना — पण कसं? दातओठ खात. असं शिकवून कुणाला काही येतं का?

एका दुपारी माझी बाही उलटी जोडली गेली. तेवढ्यात हाक आली. मी गेले, रिमोट हातात घेतला आणि — सेटचं बटण दाबून धरून भलताच आकडा टाकला. चुकून नाही. मुद्दाम. लाल दिवा लुकलुकला आणि विझला. आपला टीव्ही कुठला हे त्या रिमोटला एका आकड्यानेच कळायचं; तो खरा आकडा दुकानदाराने माझ्यासमोर टाकून दाखवला होता. घरात तो फक्त मला ठाऊक होता.

एवढ्यावर तरी थांबायचं. नाही थांबले. मी म्हटलं, "बिघडला, बाबा. तुम्हीच काहीतरी दाबलंत."

ते माझ्या हातातल्या रिमोटकडे बघत राहिले. "माज्या हातानं?"

मी हो म्हटलं.

घर शांत झालं. ब्लाउज वेळेवर गेले. नवरा खोपोलीच्या कारखान्यातून दमून यायचा, दुकानात दाखवून आणतो म्हणायचा. मीच म्हणायची, बघू सवडीने. आणि बाबा? ते रोज सकाळी रिमोटमधले सेल काढून गॅलरीत उन्हात ठेवायचे. गावाकडे तसंच करतात — उतरलेला सेल उन्हाने जरा जीव धरतो म्हणतात. माझ्या कुरडयांशेजारी ते दोन सेल. दुपारी धोतराच्या सोग्याने पुसून आत घालायचे, एकदाच बटण दाबायचे आणि काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. सेल चांगले होते हो. मी मशीनवरून मान वर करत नसे, पण दिसत सगळं होतं.

कळंबहून कुणी आलं आणि कबड्डीचा विषय काढला, की म्हणायचे, "आता नाय बगत. डोळं दुखतात."

पुढे त्यांनी घरात कशालाच हात लावायचं सोडलं. ऐन मे महिन्यात मी बाहेरून आले तर घामाने निथळत बसलेले, डोक्यावर पंखा बंद. का नाही लावला, विचारलं. "बिगडंल परत," म्हणाले. तेव्हा तरी सांगायचं ना? अगदी ओठांवर आलं होतं. मी पंखा लावला आणि मशीनवर जाऊन बसले. माझी मला लाज वाटते, पण तेव्हा लाजेपेक्षा जास्त चीड आली होती — त्यांचीच.

त्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एकदा मी चमच्याने पाणी पाजत होते, तर माझा हात धरून म्हणाले, "पोरी, तुजा रिमोट माज्या हातानं गेला गं. मनात ठिवू नको."

आणि मी काय म्हटलं, सांगू?

मी म्हटलं, "जाऊ द्या, बाबा. मी कधीच विसरले."

त्यांचा चेहरा निवळला. सुनेने आपल्याला माफ केलं, असं समजून ते गेले.