औंदा की पुढच्या साली?

कुणाकडं जुनी नाणी जमतात, कुणाकडं लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं. माझ्याकडं सल्ले जमलेत. मी काही मागायला गेल्ते न्हाई. सगळे घरपोच आले!

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमधे आहे. लग्नाला चार वर्षं झाली. आणि मला एंडोमेट्रिओसिस आहे. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर भलत्याच ठिकाणी वाढतं. पाळीत जीव नकोसा होतो, आणि दिवस राहायला अडचण येऊ शकते. रोजची गोळी चालू ठेवली तर दुखत नाही, पण दिवसही राहत नाहीत. मूल हवं तर गोळी बंद, की दुखणं हजर. तर, गोळी बंद करायची कधी, एवढंच ठरवायचं होतं. मला आणि नवऱ्याला, नीलेशला. दोघांनाच. असा आपला आमचा समज!

*

आधी डाव्या अंडाशयावरची गाठ ऑपरेशन करून काढली. तिला म्हणतात ‘चॉकलेट सिस्ट’. आत जुनं रक्त साचून रंग तसा होतो, म्हणून. रजेवरून आल्यावर मी हे फक्त शिंदेताईंना सांगितलं. ताई सॅम्पल घेण्याच्या टेबलावर बसतात. आलेलं सॅम्पल नोंद केल्याशिवाय पुढं जात नाही. बातमी जाते.

आठवड्याभरात कुणाचा तरी वाढदिवस आला. केक कापला. सगळ्यांच्या प्लेटमधे तपकिरी तुकडे, माझ्या प्लेटमधे पांढरा! बघते तर ताई चमच्यानं वरचा थर खरवडून राह्यल्या होत्या.

"ताई, अहो, ती नुसती नावाची चॉकलेट आहे!"

"नावाची असो की गावाची. परत झाली म्हंजी?"

आणि खरवडलेलं सगळं स्वतः खाल्लं.

*

मग रक्ताची एक टेस्ट झाली. बीजांडांचा साठा किती उरलाय ते त्यात कळतं. आकडा कमी आला. मी रिपोर्ट टेबलावर तसाच ठेवून खिडकीकडं बघत बसले होते. आमचे जोशीकाका लॅबमधे सगळ्यात सीनियर. उगवण चाचणीत त्यांचं आयुष्य गेलंय. शंभर-शंभर दाण्यांचे चार संच लावल्याशिवाय ते कुठल्याच रिझल्टवर सही करत नाहीत. त्यांनी रिपोर्ट उचलला, चष्मा वर केला.

"संच किती लावले होते?"

"काका, हे रक्त आहे माझं. एकदाच घेतलं."

"एकदाच?" काकांचा चेहरा लाल! "एका सॅम्पलवर रिझल्ट देतात? आणि तू रडतेस? बिलकुल धरायचा नाही हा!"

मी खरंच रडत होते, हे मला तेव्हा कळलं. काकांनी लाल पेन काढलं आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात बराबर आपल्या नेहमीच्या अक्षरात लिहिलं, ‘फेरतपासणी’.

तो कागद फाईलमधे पुढच्या डॉक्टरांकडं गेला. त्यांनी विचारलं, "हे कोणत्या डॉक्टरांनी लिहिलं?"

*

डॉक्टरही दोन तऱ्हेचे भेटले. पहिल्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "एक मूल होऊ द्या. सगळं दुखणं जाईल."

नीलेश स्टील कारखान्यात आहे, बोलतो कमी. त्यानं शांतपणे विचारलं, "सर, मंग लेकरू सकाळी घ्यायचं का संध्याकाळी?"

"म्हणजे?"

"न्हाई, तुम्ही औषधासारखं लिहून देऊन राह्यले, म्हणून."

तिथं आम्ही परत गेलो नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाई संभाजीनगरच्या. त्यांनी अर्धा तास दिला. म्हणाल्या, "मूल झाल्यानं हे बरं होईलच असं नाही. घाई करू नका, पण फार लांबवूही नका. वर्षभरात काय ते ठरवा. आणि तुम्ही दोघं ठरवा."

हे ‘दोघं’ ऐकून मला बाईंच्या पायाच पडावं वाटलं.

*

पण ऑफिसात देशमुख सर होते ना! आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना मार्च ते जून सोडून दुसरं जग नाही. पेरणीच्या आधी सगळं बियाणं तपासून निघायचं असतं. त्यांनी मला केबिनमधे बोलावलं.

"वैशाली, पर्सनल आहे, मी बोलायला नको."

"मग नका ना बोलू, सर."

"पण सीझनमधे नको. जुलै-ऑगस्टमधे झालं तर सगळ्यांनाच सोईचं." मग बोटांवर मोजायला लागले. नऊ महिने मागं गेले, अडखळले, परत मोजले. "म्हणजे तुम्हाला दिवाळीच्या आसपास..." सर एकदम कानापर्यंत लाल.

मी उठले. बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या मोठ्या प्लॅनरमधे, पुढच्या जुलैच्या चौकोनात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘वैशाली – टेंटेटिव्ह’.

*

या सगळ्याचा राग कुणावर निघायचा? नीलेशवर. एका रविवारी भाजी निवडता निवडता आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "तुझं काय जातंय? दुखणार मला!" तो म्हणाला, "म्हणून तर मी गप्प हाय. मी हो म्हणलं तरी जबरदस्ती, न्हाई म्हणलं तरी जबरदस्ती." मेथीची जुडी तशीच पडून राहिली. पण त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही नीट बोललो. ठरलं असं: सीझन उरकला की गोळी बंद. सहा महिने बघायचं. त्याआधी मला सहन झालं नाही, तर मी सांगायचं आणि गोळी परत सुरू. त्यावर कुणी "का?" विचारायचं नाही. नीलेशनंसुद्धा.

*

जुलैत गोळी बंद केली. ऑगस्टात पाळी आली ती अशी, की मी मोरीच्या दारातच बसले. उठताच येईना. नेमक्या तेव्हाच गावाकडून, धावड्याहून, सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी माझं दुखणं तोवर फक्त फोनवर ऐकलं होतं. त्यांनी मला धरून आत नेलं, पाठ शेकली. चार दिवसांनी म्हणाल्या, "रविवारी जांबला जाऊ, देवाला."

झालं! म्हटलं, आता नवस. नातवाचा. रविवारी नीलेशसकट आम्ही तिघं निघालो. देवळात आत्याबाई हात जोडून उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मागची माणसं "मावशी, चला" म्हणून राह्यली, तरी ओठ हलतच होते. बाहेर पायरीवर आल्यावर मला राहवलं नाही.

"मागितला ना नातू?"

"न्हाई."

"मंग एवढा वेळ काय मागत होत्या?"

"तुझं पोट दुखू नये म्हणलं. बस."

नीलेश म्हणाला, "अन् आई, लेकराचं?"

आत्याबाई वाकून चप्पल शोधत होत्या. म्हणाल्या, "ते तुमचं तुमी ठरवा. आधीच लई जण घुसलेत त्याच्यात, आता देवाला कशाला मधी घेता!"